सांगता नसलेली पोथी

साताऱ्याच्या एखाद्या पेठेतील किंवा सांगलीच्या गावभागातील मध्यमवर्गीय घर. दिवेलागण होते, देवापुढे निरांजन लागते, आजींची रामरक्षा म्हणून होते आणि घड्याळाचा काटा सातावर आला की घरातील दुसरी आराधना सुरू होते. या आराधनेचीही आसने ठरलेली आहेत. आजींची आरामखुर्ची, आजोबांचा पलंगाचा कोपरा, आणि सूनबाईंची स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळची, अर्धे लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे ठेवणारी जागा. शीर्षकगीत लागले की घर गप्प होते. दारी आलेल्या शेजाऱ्यालाही जाहिराती लागेपर्यंत ताटकळावे लागते. ज्या माणसांना जन्मात कधी पाहिले नाही, किंबहुना जी माणसे अस्तित्वातच नाहीत, त्यांच्या आजारपणाची, लग्नाची आणि अपमानाची चर्चा दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना चालते.

या दृश्याला हसणे फार सोपे आहे. हसणारे दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार स्वतःला बुद्धिवंत म्हणविणाऱ्यांचा. त्यांच्या लेखी मालिका पाहणारी गृहिणी म्हणजे अडाणीपणाचा नमुना. परदेशी मालिकांचे दहा-दहा भाग एका रात्रीत संपविणारी हीच मंडळी सातच्या मराठी मालिकेला नाके मुरडतात. दुसरा प्रकार घरातीलच आहे. संस्कृतिरक्षणाच्या सद्हेतूने बोलणारे, शाखेवर आणि बैठकीत दूरचित्रवाणीला यथेच्छ झोडपणारे आणि घरी परतल्यावर जेवणाचे ताट हाती घेऊन त्याच पडद्यासमोर बसणारे. पहिल्याला प्रेक्षकांविषयी आदर नाही आणि दुसऱ्याला प्रश्नाचे आकलन नाही. कारण दोघेही एकच गोष्ट विसरतात. या घरांत रोज सायंकाळी जे प्रकट होते ते खरे प्रेम आहे आणि प्रेमाची टिंगल करून ते नाहीसे होत नसते. विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे. हे प्रेम कोणाच्या ओटीत पडते आणि त्याच्या मोबदल्यात घराला काय मिळते?

ही ओढ आजची नव्हे

कथेतील पात्रांवर जीव लावणे हा मराठी माणसाचा जुना स्वभाव आहे आणि त्या स्वभावाला आधुनिक रूप देण्याचे श्रेय सांगलीकडे जाते. १८४२ साली कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारी झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही करण्याची आज्ञा केली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. पुढे रामचरित्रावरील इतर आख्याने रंगभूमीवर आली. प्रेक्षकांपैकी कोणालाही पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते असे नाही. शिवधनुष्य कोण मोडणार, हे लहान पोरालाही माहीत होते. तरीही माणसे येत राहिली आणि तीच दिवस पुढे मराठी रंगभूमी दिन ठरला.

छापील अक्षराच्या युगातही हीच कथा. हरी नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः वाचकांच्या हाती पडू लागली. यमूचे दुःख आठवड्याआठवड्याने घराघरांत शिरले. बालविधवेच्या केशवपनाविषयी जे व्याख्यानांनी मनात उतरत नव्हते, ते एका कल्पित मुलीने उतरविले. दुसरे आपटे तर याच भूमीतले. नारायण हरी आपटे यांचा जन्म सांगलीजवळच्या समडोळीचा आणि कर्मभूमी साताऱ्याचे कोरेगाव. त्यांच्या कथांवरून ‘प्रभात’ने ‘अमृतमंथन’ आणि १९३७ साली ‘कुंकू’ हे चित्रपट केले. जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध उभी राहणारी नायिका एका खेड्यात बसून लिहिणाऱ्या लेखकाच्या मनातून निघाली आणि साऱ्या महाराष्ट्राची झाली. किर्लोस्करवाडीच्या माळावरून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांची वाट मध्यमवर्गीय घरे महिनाभर पाहत असत.

ही ओढ केवळ भारतीय भाबडेपणातून येते, असे ज्यांना वाटते त्यांनी इंग्लंडकडे पाहावे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला मारून टाकले, तेव्हा संतापलेल्या वाचकांनी ‘स्ट्रँड’ मासिकाची वर्गणी बंद केली. अखेर १९०३ साली लेखकाला होम्स जिवंत करून परत आणावा लागला. विज्ञाननिष्ठेचा टेंभा मिरविणाऱ्या देशातील सुशिक्षितांनी एका कल्पित गुप्तहेरासाठी असा शोक केला. तेव्हा साताऱ्याच्या आजींना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

रेडिओसमोरची उदबत्ती

या साऱ्या परंपरेचा कळस ज्या उपक्रमाने गाठला, त्याचा कर्ताही याच मातीतला. तेव्हाच्या औंध संस्थानातील आणि आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात असलेल्या माडगूळ्यात वाढलेले ग. दि. माडगूळकर. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. शब्द गदिमांचे, स्वर सुधीर फडके यांचे, कल्पना सीताकांत लाड यांची. दर आठवड्याला एक नवे गीत. रेडिओला हार घालून, पुढे उदबत्ती लावून सारे घर कसे ऐकावयास बसे, याच्या आठवणी जुन्या पिढीने पुढच्या पिढीला सांगितल्या आहेत. आज मालिकेसमोर बसणाऱ्यांची जी तन्मयता दिसते, तीच ही तन्मयता. फरक तन्मयतेत नाहीच.

फरक पुढे आहे. योजना वर्षभराची, बावन्न गीतांची होती. त्या वर्षी अधिक मास आला आणि गीते छप्पन्न झाली. कथा लांबली ती पंचांगामुळे, कारण तिला पुढच्या रामनवमीला पोहोचावयाचे होते. एप्रिल १९५६ मध्ये रामनवमीला मालिका संपली. लोकप्रियता शिगेला पोहोचलेली असताना संपली. आणखी वर्षभर ती चालविली असती तर कोणी रेडिओ बंद केला असता काय? उपकथानकांचा तोटा रामायणात खचितच नाही. तथापि कवीने, संगीतकाराने आणि आकाशवाणीने हात जोडले आणि थांबले. म्हणूनच सात दशके उलटली तरी गीतरामायण घराघरांत जिवंत आहे.

इथेच या प्रश्नाची मेख आहे. आपल्याकडील प्रत्येक श्रवणपरंपरेला सांगता आहे. पोथीचे पारायण घ्या, अखेरचा अध्याय आणि फलश्रुती ठरलेली. चातुर्मासातील पुराण घ्या, समाप्तीचा दिवस ठरलेला. सातारा-सांगलीच्या खेड्याखेड्यांतील हरिनाम सप्ताह घ्या, सातव्या दिवशी काल्याचे कीर्तन होणार, दहीहंडी फुटणार, गाव एका पंक्तीला जेवणार आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रत्येक जण आपापल्या औताला जाणार. सप्ताह आवडला म्हणून आठवा, नववा, चाळिसावा दिवस कोणी करीत नाही. कथा माणसाला जवळ घेते, त्याचे अश्रू पुसते, त्याच्या पदरात काही घालते आणि मग त्याला त्याच्या संसाराकडे परत पाठविते. परत पाठविणे हा कथेच्या धर्माचाच भाग आहे.

चंदन-वंदनच्या पायथ्याशी

आता वर्तमानाकडे वळू. मे २०१७ मध्ये झी मराठी वाहिनीवर ‘लागिरं झालं जी’ ही मालिका सुरू झाली. तिचे चित्रीकरण साताऱ्याजवळच्या चंदन आणि वंदन या जोडकिल्ल्यांच्या परिसरात झाले. लेखक तेजपाल वाघ, नायक नितीश चव्हाण. सैन्यात भरती होण्याचे वेड घेतलेला अजिंक्य आणि त्याची शीतल यांची ही कथा. तिच्या यशाचे रहस्य काय होते? जी बोली वर्षानुवर्षे नाटका-सिनेमात नोकराच्या आणि विनोदी गावंढळाच्या तोंडी घातली जात होती, ती सातारी बोली प्रथमच रोजच्या मुख्य वेळेत नायकाच्या आणि नायिकेच्या तोंडी आली. आपण बोलतो तसे हे बोलतात, आपल्या पाराखाली बसतो तसे बसतात, हा दिलासा लाखो प्रेक्षकांना मिळाला. कोकणातल्या आणि विदर्भातल्या घरांनीही तो आपला मानला. नायकाच्या ‘जिजी’ची भूमिका शिक्षिका म्हणून नोकरी केलेल्या कमल ठोके यांनी केली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा घरातील वडीलधारे माणूस गेल्यासारखी हळहळ प्रेक्षकांनी व्यक्त केली. हे प्रेम खोटे कोण म्हणेल?

शिवाय या कथेला आधार होता तो खऱ्या मातीचा. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ हा शब्द लावतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना साताऱ्याचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक यांना वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी खडतर प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. पडद्यावर अजिंक्य-शीतलची कथा रंगात आली होती, ते हेच वर्ष. कल्पित कथेने खऱ्या पराक्रमाकडे पाहण्याची दृष्टी दिली तर तिच्यावरील प्रेम सार्थकी लागले म्हणावयाचे. अपशिंग्याच्या एखाद्या वीरपत्नीला त्या मालिकेत आपल्या वाट पाहण्याचा मान दिसला असेल, तर तिच्या डोळ्यांतील पाण्याला बुद्धिवंतांच्या प्रमाणपत्राची आवश्यकता नाही.

जून २०१९ मध्ये ही मालिका संपली. पुढे काय आले?

दुसरी कथा, त्याच मातीतली

ऑगस्ट २०१६ मध्ये वाई तालुक्यातील धोम परिसराने उभ्या महाराष्ट्राला हादरविले. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका इसमाला अटक झाली. सहा जणांच्या हत्येचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. जमीन उकरून मृतदेह बाहेर काढले गेले. कृष्णाकाठचे ते देखणे खोरे, धोमचे नृसिंहाचे मंदिर, आणि त्याच परिसरात हा प्रकार. ज्यांची माणसे गेली ती घरे याच तालुक्यातील, याच बाजाराला जाणारी, याच एस.टी.ने प्रवास करणारी.

चार वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, ‘देवमाणूस’ ही मालिका सुरू झाली. ती वाईच्या घटनेवर बेतलेली असल्याचे प्रारंभापासूनच वृत्तपत्रांतून सांगितले जात होते. चित्रीकरण सातारा परिसरातच झाले. गावाचा विश्वास संपादन करणारा, हसतमुख, मदतीला धावणारा डॉक्टर एकामागून एक बळी घेतो. प्रश्न असा नाही की गुन्ह्यावर कथा लिहावी की नाही. महाभारतही कपटाची आणि वधाची कथा सांगते. परंतु महाभारतात अधर्माचा हिशेब होतो, आणि तो कुरुक्षेत्राच्या अठरा दिवसांत पुरा होतो. इथे काय घडले? ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले पर्व आटोपले. डिसेंबर २०२१ मध्ये दुसरे आले. २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ या नावाने तिसरे अवतरले. सैनिकाची कथा एकदा संपली ती संपली. खुन्याची कथा मात्र तीनदा उठून उभी राहिली.

ही तुलना वाचकांनी क्षणभर मनात ठेवावी. एकाच वाहिनीने, एकाच जिल्ह्याच्या मातीत, एकाच बोलीत दोन कथा सांगितल्या. प्रेक्षकही तेच. त्यांचे प्रेमही तेच. परंतु कोणत्या कथेला पुनर्जन्म द्यावयाचा, हे प्रेक्षकाच्या गरजेवरून ठरले नाही. ते आकड्यांवरून ठरले.

उत्कंठा कोणाची, आधार कोणाचा?

आकड्यांचे हे शास्त्र सामान्य कुटुंबाने नीट समजून घेतले पाहिजे. कोणत्या वेळी किती घरे कोणती वाहिनी पाहतात, याची मोजणी होते. त्या मोजणीचा निकाल दर आठवड्याला वाहिनीच्या हाती पडतो. त्यावर जाहिरातीचा दर ठरतो. आकडा चढला की लग्न लांबते, हरवलेले मूल सापडता सापडता पुन्हा हरवते. आकडा उतरला की नवे पात्र येते, जुने अपघातात जाते, कथा पाच वर्षे पुढे उडी मारते. लेखकाच्या मनात आरंभी कोणता शेवट होता, हे कोणी विचारीत नाही. दुकानात जो माल विकला जातो तो मालिका नव्हेच. माल म्हणजे आजींची आरामखुर्ची, तिच्यावरील ती अर्धा तासाची स्थिर बैठक. तीच जाहिरातदाराला विकली जाते आणि तिच्यासाठी आजींना ठेवावे लागते उत्कंठेवर. प्रत्येक भागाच्या अखेरीस दार उघडते, चेहरा थिजतो, ढोल वाजतो, आणि उत्तर उद्यावर जाते.

आता एक प्रश्न. उत्कंठेने मनाला आधार मिळतो काय? याचे उत्तर २०२० सालाने दिले. मार्चमध्ये देश बंद झाला, माणसे घरात कोंडली गेली, उद्या काय होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वेळी २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सकाळी नऊ आणि रात्री नऊ वाजता पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला. १९८७-८८ सालची मालिका, जुनी तंत्रे, संथ गती. दूरदर्शनने जाहीर केल्यानुसार १६ एप्रिलला ती ७.७ कोटी लोकांनी पाहिली. त्यांतील एकाला तरी रावण जिंकेल अशी शंका होती काय? शेवट ठाऊक होता, म्हणूनच तर माणसे तिच्याकडे धावली. बाहेर सारे अनिश्चित असताना घरात एक कथा अशी होती की जिचा शेवट ठरलेला होता आणि तो धर्माच्या बाजूने होता.

२०२० च्या फेब्रुवारीअखेर संपलेल्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेचा अनुभवही हाच. शंभूराजांचे काय झाले, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. ज्या शाहू महाराजांनी १७०८ साली साताऱ्यात राज्याभिषेक करवून घेतला, त्यांच्या पित्याचे ते बलिदान. प्रेक्षकांनी शेवट माहीत असून अडीच वर्षे ती मालिका पाहिली, अश्रू ढाळले, आणि मालिका बलिदानापाशी थांबली. तिथे आकड्यांना इतिहासापुढे नमते घ्यावे लागले.

यातून निष्कर्ष एकच निघतो. उत्कंठा ही व्यापाऱ्याची गरज आहे, आधार ही श्रोत्याची. या दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून गल्लत होते. आधार देणारी कथा पुन्हा पुन्हा ऐकली जाते आणि दर वेळी माणूस तृप्त होऊन उठतो. उत्कंठेची कथा संपत नाही तोवर माणूस अतृप्त राहतो आणि संपली की तो तिला महिनाभरात विसरतो. पहिली भक्तीला पात्र आहे. दुसरी भक्ती वापरते.

या न थांबणाऱ्या चक्राला निर्मिती करणारी माणसेही जुंपलेली आहेत, हे विसरता कामा नये. सप्टेंबर २०२० मध्ये सातारा जिल्ह्यात ‘आई माझी काळुबाई’ या मालिकेचे चित्रीकरण सुरू असताना कोरोनाची लागण झाली आणि ‘मत्स्यगंधा’पासून मराठी रसिकांना परिचित असलेल्या ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे साताऱ्यात निधन झाले. दोष कोणा एकाच्या माथी मारण्याचे कारण नाही. त्या दिवसांत प्रत्येकाला पोटासाठी बाहेर पडावेच लागत होते. परंतु रोजचा भाग रोज गेलाच पाहिजे, या हट्टाची किंमत काही वेळा माणसाच्या रूपाने मोजली जाते, एवढे तरी प्रेक्षकाने जाणावे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला? मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली, घरात दोनच वृद्ध जीव उरले. त्यांना सायंकाळी दोन तास माणसांचे आवाज ऐकू येतात, हेच पुष्कळ नव्हे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उडवून लावणे क्रूरपणाचे होईल. सांगलीच्या किती तरी वाड्यांत आज खरोखरीच पडद्यावरील कुटुंब हेच एकमेव भरलेले कुटुंब आहे.

परंतु याच आक्षेपात आरोपही दडलेला आहे आणि तो वाहिनीवर नाही. घरातील म्हाताऱ्या माणसांना कल्पित सुना-नातवंडांत सोबत शोधावी लागते, याचा जाब खऱ्या सुना-नातवंडांना आणि खऱ्या शेजाऱ्यांना द्यावा लागेल. गावच्या देवळात पुराण सांगणारा उरला नाही, याला कोणती वाहिनी जबाबदार आहे? ज्या सांगलीने मराठी रंगभूमी जन्माला घातली, तिथे विष्णुदासांच्या नावाचे नाट्यगृह आहे, साताऱ्यात शाहू कलामंदिर आहे. तिथल्या चांगल्या प्रयोगाला किती कार्यकर्ते सहकुटुंब जातात? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या जुन्या वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजून नष्ट झाले. मदतकार्यात धान्य आणि चादरी पोहोचल्या, ते योग्यच झाले. परंतु भिजलेल्या पुस्तकांसाठी रडणारे किती होते? मालिकेतील पात्र मेले म्हणून रडणाऱ्यांना हसण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारलेला बरा.

संस्कृतीचे नाव घेणाऱ्यांनी तर तो प्राधान्याने विचारावा. ‘मालिका पाहू नका’ हा उपदेश गेली कित्येक वर्षे केला गेला. त्याने एकही संच बंद झाला नाही. कारण कथेची भूक उपदेशाने भागत नाही, कथेनेच भागते. बंदीची मागणी हाही उपाय नव्हे. बंदी घातलेली कथा दुप्पट कुतूहलाने पाहिली जाते, आणि कोणती कथा सांगावी हे सरकारी कचेरीने ठरवू लागले की उद्या चांगल्या कथाही त्याच कचेरीच्या दारात अडकतात. समर्थांनी सज्जनगडावरून आणि चाफळच्या राममंदिरातून जे केले, ते लोकांची करमणूक बंद करून केले नाही. लोकांच्या मनाला त्यांनी एक बलदंड दैवत दिले, एक उत्सव दिला, एक ग्रंथ दिला.

सांगतेचा आग्रह

मग करावयाचे काय? प्रथम, प्रेक्षकाने सांगतेचा आग्रह धरावा. कोणतीही मालिका सुरू होताना घराने विचारावे की ही कथा कोठे जाणार आहे. शंभर-दीडशे भागांत आपली गोष्ट सांगून मानाने निरोप घेणाऱ्या मालिकेला भरभरून प्रेम द्यावे. पात्रांना केवळ ताटकळत ठेवणाऱ्या मालिकेसमोरून उठावे. आकड्यांचे राज्य असेल तर आकडाच प्रेक्षकाच्या हातातील शस्त्र आहे. होम्सच्या वाचकांनी वर्गणी बंद करून लेखकाला वाकविले. ते शस्त्र त्यांनी कथा संपू नये म्हणून वापरले. मराठी घराने ते कथा नीट संपावी म्हणून वापरावे.

दुसरे, घरात वर्षातून एक तरी कथा सर्वांनी मिळून आरंभापासून शेवटापर्यंत न्यावी. चातुर्मास त्यासाठीच आहे. रोज रात्री अर्धा तास, संच बंद, एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. ग्रंथ कोणताही असो. रामायण असो, हरी नारायणांची एखादी ऐतिहासिक कादंबरी असो, नातवंडांसाठी ‘फास्टर फेणे’ असो. मुख्य गोष्ट अशी की अखेरचे पान सर्वांनी एकत्र बसून ऐकावे आणि त्या दिवशी घरात काही गोडधोड व्हावे. शेवट साजरा करण्याची सवय मोडली म्हणून तर न संपणाऱ्या कथांचे फावले.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, सातारा-सांगलीच्या लेखणीने पुन्हा कामाला लागावे. किर्लोस्करवाडीच्या माळावरून मासिके निघू शकली, कोरेगावात बसून एक लेखक चित्रपटसृष्टीला कथा पुरवू शकला, माडगूळ्यासारख्या दुष्काळी टापूतून महाकवी उभा राहिला. आज बोली आहे, कलावंत आहेत, चित्रीकरणाला वाड्या-वस्त्या आहेत, पाहणारी कोट्यवधी घरे आहेत. अपशिंग्याची कथा अजून पुरती सांगितली गेलेली नाही. पतीचे व्रत स्वतःच्या खांद्यावर घेणाऱ्या वीरपत्नीची कथाही दीर्घ मालिकेची वाट पाहत आहे. ती कोणी लिहिणार नसेल तर खुन्याचे चौथे पर्व आले म्हणून ओरडण्याचा नैतिक अधिकार कोणालाही उरणार नाही.

साताऱ्याच्या त्या घरातील आजी उद्याही सात वाजता आरामखुर्चीत बसणार आहेत. त्यांना तेथून उठविण्याची गरज नाही. त्यांच्यासमोर अशी कथा यावी की जी एके दिवशी संपेल, डोळे पुसावयास लावील आणि म्हणेल, आजी, आता काला झाला, प्रसाद घ्या आणि नातवंडांना जवळ बोलवा. गावोगावच्या वीणेकऱ्याला हे साधे शहाणपण ठाऊक आहे. सातव्या दिवशी तो वीणा खाली ठेवतो, म्हणूनच पुढच्या वर्षी सारा गाव पुन्हा मंडपात जमतो.